आरटीईचा नियम बदलला, कोर्टात गेला, आणि मधे माझ्या मुलीची पहिली अडकली

फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४, सात महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. तेव्हा मी रोज रात्री मोबाईलवर शोधायचे की कुणी पालकाने सगळं सुरुवातीपासून लिहिलंय का, आणि मिळायच्या फक्त बातम्या. म्हणून आता जसं घडलं तसं लिहितेय, तारखा माझ्या वहीतल्या आहेत. मी काही वकील नाही, चिंचवडला भाड्याच्या खोलीत राहते, घरी ब्लाउज शिवते, आणि ह्यांची कंपनीतली कॉन्ट्रॅक्टची नोकरी २०२३ मधे गेली तेव्हापासून हे दुसऱ्याची रिक्षा चालवतात.

पिऊ मार्च २०१८ ची, म्हणजे २०२४ ला तिची पहिली. तिच्या अंगणवाडीच्या ताईंनी जानेवारीतच सांगितलं होतं की आरटीईचा फॉर्म भर, २५ टक्के जागा असतात, फी सरकार देतं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्यात कलम १२(१)(सी) आहे, खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या. अल्पसंख्याक शाळा सोडून. आमच्या घरापासून सातशे मीटरवर अशी एक शाळा आहे, पिऊ रोज तिच्या गेटवरून जाते, तिथल्या झोक्याकडे बघत बघत.

९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियमात बदल केला. मला कळलं तीन-चार दिवसांनी, आणि तेही व्हॉट्सॲपवर, नीट समजलंच नाही. माझी पुतणी पुण्यात लॉ करतेय, तिला फोन केला. ती म्हणाली काकू, सोप्पं सांगते, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल ती खाजगी शाळा आता २५ टक्क्यांतून बाहेर. मी विचारलं मग शहरात उरली कोणती? ती गप्प बसली. शहरात एक किलोमीटरमधे मनपाची नाहीतर अनुदानित शाळा नाही असा भाग शोधून दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बऱ्याच जणांनी मला तोंडावर ऐकवलं की मनपाच्या शाळेत घालायला लाज वाटते का. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, माझ्या गुरुजींमुळे मी आज हे लिहू शकतेय. पण मनपाच्या शाळेत प्रवेश तसाही मिळतो की, सरळ चालत जायचं आणि नाव घालायचं. त्याला ऑनलाइन फॉर्म, उत्पन्नाचा दाखला आणि लॉटरी कशाला? कायद्याने जे दार आमच्यासाठी उघडलं होतं ते बंद करून जे दार आधीपासून उघडंच होतं त्याच्यासमोर आम्हाला रांगेत उभं केलं, हे मला खूप लागलं. सरकारचं म्हणणं असं की आमच्या शाळांत जागा आहेत, मग खाजगी शाळांना दरवर्षी पैसे का भरायचे. एका मुलामागे १७,६७० रुपये ठरलेले आहेत आणि ती प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते ही शाळांची तक्रारही खरी आहे, पण त्यात सहा वर्षांच्या पोरीने काय करायचं?

तरी कागदपत्रं करायला घेतली. हा पुतणीचा सल्ला आणि तोच सगळ्यात कामाचा ठरला. ती म्हणाली हे कोर्टात जाणार, आणि कोर्टाने उद्या स्थगिती दिली तर फॉर्म दहा-पंधरा दिवसांत भरून घेतील, तेव्हा तुझी फाईल तयार पाहिजे.

पहिलं, रहिवासी पुरावा. आमचं रेशनकार्ड गावाकडचं, आधारवर पत्ता जुन्या खोलीचा, लाईट बिल मालकीणबाईंच्या नावावर. मग उरला भाडेकरार, आणि तो नोटरीचा चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच लागतो, शिवाय फॉर्म भरायच्या तारखेच्या आधीचा आणि कमीत कमी अकरा महिन्यांचा. आमच्याकडे पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला होता. मालकीणबाई आधी तयार होईनात, त्यांना वाटलं आम्ही खोलीवर हक्क सांगू. तीन वेळा चहाला बोलावलं, पिऊला पुढे बसवलं, मग म्हणाल्या पोरीच्या शाळेसाठी करते हो. एजंट घरी मशीन घेऊन आला, त्यांचा आणि ह्यांचा अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, नोंदणी फी हजार, वर स्टॅम्प ड्युटी आणि एजंटचे, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात करार हातात आला. ज्यांचं घर भाड्याचं आहे त्यांनी हे काम डिसेंबरमधेच उरकून टाका, फॉर्म सुरू झाल्यावर केलेला करार उपयोगाचा नाही.

दुसरा उत्पन्नाचा दाखला, एक लाखाच्या आतला, कारण आम्ही दुर्बल घटकातून भरणार होतो. ज्यांच्याकडे जातीचा दाखला आहे, एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी, एसबीसी, त्यांना उत्पन्नाचा लागत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं आणि ते दोन्हीसाठी पळतात. मी २२ एप्रिलला सेवा केंद्रात अर्ज दिला. सरकारी शुल्क तेव्हा पस्तीस रुपयांच्या आत होतं, केंद्रवाल्याने दोनशे घेतले, पावती मागितली तर म्हणाला पोर्टलवर येईल. आधी अर्ज परत आला कारण रेशनकार्डावर ह्यांचं नाव एक आणि आधारवर स्पेलिंग दुसरं. मग प्रतिज्ञापत्र करून पुन्हा दिला. आणि ते लोकसभेचे दिवस, आमच्याकडे मतदान १३ मेला, सगळे तलाठी निवडणुकीच्या कामात. दाखला आला २० मेला. तोपर्यंत माझी झोप उडाली होती.

मधे १६ एप्रिलला फॉर्म सुरू झाले होते, नव्या नियमाने. सायबर कॅफेत बसून भरायला घेतला. घराचा पत्ता टाकला, नकाशावर फुगा लावला, आणि शाळांची यादी उघडली. मनपाची, अनुदानित, अनुदानित, मनपाची. सातशे मीटरवरची ती शाळा यादीत नव्हतीच. मी दोनदा रिफ्रेश केलं, कॅफेतल्या पोराला म्हटलं अरे बघ ना काहीतरी चुकतंय. तो म्हणाला ताई, सकाळपासून सगळ्यांना हेच दिसतंय. नियम लागू होणं म्हणजे काय ते मला त्या यादीत कळलं. कुणी नोटीस पाठवली नाही, कुणी नाही म्हटलं नाही, फक्त शाळेचं नाव यायचं बंद झालं. मी त्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, तारखेसकट. तुम्हीही काढत जा, काहीही अडलं की काढा, नंतर तेच पान तसंच दिसत नाही. फॉर्म मी भरलाच नाही त्या दिवशी, पन्नास रुपये देऊन घरी आले.

तोवर पालक आणि संस्थांच्या याचिका मुंबई हायकोर्टात गेलेल्या होत्या. पुतणीने त्यातला मुद्दा मला बसवून समजावला आणि मला तो इतका पटला की इथे लिहितेच. शिक्षण हक्क कायदा संसदेचा. त्याची अंमलबजावणी कशी करायची याचे नियम करायचा अधिकार कलम ३८ ने राज्य सरकारला दिलाय. पण नियम कायद्याच्या पोटातले. कायदा म्हणतो शाळेने २५ टक्के जागा द्यायच्या, आणि नियम म्हणतो अमुक शाळांनी नाही द्यायच्या, तर असा नियम टिकत नाही. म्हणजे भांडण सरकारी शाळा चांगली की खाजगी हे नव्हतंच, भांडण होतं की राज्याला एवढा अधिकार आहे का. आणि कायदा स्वतः तर २०१२ मधेच सुप्रीम कोर्टाने कायम केलेला.

पण धाकधूक होती कारण कर्नाटकाने २०१८ च्या शेवटी जवळजवळ असाच बदल केला होता आणि तिथल्या हायकोर्टाने २०१९ मधे तो कायम ठेवला. पुतणी म्हणाली एका राज्याच्या हायकोर्टाचा निकाल दुसऱ्या हायकोर्टावर बंधनकारक नसतो, पण समोरचा पक्ष तो दाखवणार. त्या रात्री मी ह्यांना काही सांगितलं नाही.

६ मे, सोमवार. मी शिवणावर होते आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदम पन्नास-साठ मेसेज, स्टे मिळाला स्टे मिळाला. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग पुतणीचा फोन आला आणि तिने पाय जमिनीवर आणले. काकू, स्टे म्हणजे निकाल नव्हे. अंतिम सुनावणी होईपर्यंत हा बदल लागू करायचा नाही एवढंच कोर्टाने म्हटलंय, उद्या उलट निकालही लागू शकतो. आणि आधी ऑर्डर वाच, बातमी नंतर. हायकोर्टाच्या वेबसाईटवर केस नंबर टाकला की ऑर्डरची पीडीएफ मिळते, फुकट. इंग्रजीत असते पण शेवटची दोन पानं घरातल्या कुणाकडून तरी वाचून घ्या, खरी गोष्ट तिथे असते. ग्रुपवर तर लोकांनी लिहिलं होतं की आता सगळ्यांना ॲडमिशन मिळणार.

१७ मेला पोर्टल पुन्हा उघडलं, जुन्या नियमाने. एप्रिलमधे ज्यांनी भरला होता त्यांनाही नव्याने भरावा लागला. माझा दाखला २० ला आला आणि २१ ला मी फॉर्म भरला. शाळा यादीत दिसली. नाव वाचूनच हात थरथरला.

आणि तिथेच चूक केली. मोबाईलवरून नकाशावर फुगा लावताना तो रेल्वे लाईनच्या पलीकडे जाऊन बसला आणि मी घाईत कन्फर्म दाबलं. प्रिंट काढल्यावर बघते तर सातशे मीटरवरची शाळा एक ते तीन किलोमीटरच्या गटात. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य, म्हणजे माझा नंबर मागे, शिवाय पडताळणीत अंतर चुकलं म्हणून अर्ज बादही होऊ शकतो. दुसरा अर्ज भरायचा नाही, एकाच मुलाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही जातात. पहिला डिलीट करून मगच नवा भरायचा. मी दुसऱ्या दिवशी कॅफेत मोठ्या स्क्रीनवर बसून ते केलं, सॅटेलाइटच्या चित्रात आमच्या बिल्डिंगची निळी पाण्याची टाकी शोधली आणि फुगा बरोबर त्या टाकीवर ठेवला. शाळा दहा निवडता येतात, मी चारच निवडल्या, कारण जी लागेल ती घेतली नाही तर पुढच्या फेरीत विचार होत नाही. दहा भरायच्या म्हणून लांबच्या भरू नका, रोज सोडणार कोण.

मुदत वाढून ४ जून झाली, नेमका लोकसभेच्या निकालाचा दिवस. सगळी गल्ली टीव्हीसमोर आणि मी अर्जाची स्थिती तपासत होते. ७ जूनला सोडत काढली. जागा साधारण १ लाख ५ हजार, अर्ज २ लाख ४० हजारांच्या वर. पण यादी जाहीर झाली नाही, कारण प्रकरण कोर्टात. म्हणजे पिऊचं नाव लागलंय की नाही हे कुठल्यातरी कॉम्प्युटरमधे ठरलेलं होतं आणि आम्हाला बघता येत नव्हतं.

त्यानंतरचे सहा आठवडे सगळ्यात वाईट. १५ जूनला शाळा सुरू झाल्या. समोरची मुलं नवीन दप्तरं घेऊन निघाली. पिऊने तिची पाण्याची बाटली भरून गळ्यात अडकवली आणि दारात उभी राहिली. मी म्हटलं आपली शाळा अजून उघडली नाही. तिने विचारलं, आपली कोणती? मला सांगता आलं नाही. मग मी रोज सकाळी दोन तास तिला बसवायला लागले, शाळेसारखंच, अकराला डबा, पाढे, मुळाक्षरं, शिवणाचं मशीन बंद ठेवून. त्या दोन तासांचे माझे दिवसाचे शंभर-दीडशे रुपये बुडायचे पण तिला मागे पडू द्यायचं नव्हतं. कुणी म्हणालं फी भरून घाला तात्पुरतं, कुठून भरणार होतो.

जूनमधल्या एका तारखेला मी मुंबईला गेले. गरज नव्हती, आम्ही याचिकाकर्ते नव्हतो, पण माझ्या मुलीचं ठरतंय तिथे एकदा तरी बसावं असं वाटलं. ग्रुपमधल्या एक ताई सोबत होत्या. चिंचवडहून पहाटेची सिंहगड, जनरलला उभ्याने, सीएसएमटीला उतरून फोर्टातून चालत हायकोर्ट. आत सामान्य माणसाला जाता येतं हे मला माहीत नव्हतं. आधारकार्ड दाखवलं, तपासणी झाली, मोबाईल बंद. आत लाकडी बाकं, पंखे खूप उंच, आणि सगळं इतक्या हळू आवाजात चालतं की मागच्या बाकावर अर्धं ऐकू येत नाही. आपलं मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, किती नंबरला आहे ते वेबसाईटवर आदल्या दिवशी संध्याकाळी दिसतं, पण कितीला पुकारा होईल ते सांगता येत नाही. दुपारपर्यंत बसलो. पुकारा झाला, पाच-सात मिनिटं झाली असतील, दोन्हीकडचे वकील बोलले, मला त्यातलं फक्त चिल्ड्रन आणि ॲडमिशन कळलं, आणि पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, एवढ्यासाठी आलो का गं? पण मला बरं वाटलं. आमच्या पोरांचा विषय त्या खोलीत मोठ्याने निघतो, कुणीतरी त्याचं उत्तर मागतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. खर्च जेवणासकट दोघींचा पाचशेच्या आत. जायचं तर डबा न्या आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ काढून जा.

युक्तिवादात शाळांच्या संघटनाही उतरल्या होत्या. त्यांचं म्हणणं, नियम बदलला म्हणून आम्ही त्या जागा फी भरणाऱ्या मुलांना दिल्या, आता त्या मुलांचं काय. ऐकलं तेव्हा राग आला, पण ती पण मुलंच, त्यांच्या आईबापांनी काय चूक केली.

१९ जुलै, शुक्रवार. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ९ फेब्रुवारीचा बदल रद्द केला. मूळ कायद्याच्या आणि घटनेच्या कलम २१ च्या विरुद्ध आहे म्हणून. यावेळी मी आधी ऑर्डर वाचली, म्हणजे पुतणीने फोनवर वाचली आणि मी वहीत लिहून घेतली. त्यात शाळांच्या मुद्द्याचंही उत्तर होतं, मधल्या काळात ज्या मुलांना प्रवेश दिलाय त्यांना हात लावायचा नाही, पण २५ टक्के जागा भरल्याच पाहिजेत, लागलं तर जागा वाढवा. हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं, का ते पुढे कळेल.

दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला यादी लागली. राज्यात ९३ हजार मुलांची निवड. एसएमएस आलाच नाही. मी पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकला. सिलेक्टेड. शाळा तीच, झोक्यावाली. एसएमएसच्या भरवशावर राहू नका, आमच्या ग्रुपवर दोघींना मेसेज आला नव्हता आणि नाव लागलेलं होतं.

२३ पासून पडताळणी. अलॉटमेंट लेटरच्या दोन प्रिंट, मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच. मी २५ ला जायचं ठरवलं होतं आणि त्या दिवशी पुण्यात, आमच्याकडे, सगळीकडे पाणी भरलं, शाळांना सुट्टी. सगळी फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पलंगावर ठेवली आणि ती रात्र त्या फाईलकडे बघत काढली, कारण ३१ ही शेवटची तारीख. २७ ला गेले. पडताळणीच्या बाईंनी करार उघडला, नोंदणीचा क्रमांक आणि तारीख बोटाने शोधली, फॉर्मची तारीख बघितली, मान हलवली. माझ्या पुढचा माणूस नोटरीचा करार घेऊन परत चालला होता. त्याला मी काय सांगणार होते, मार्चपर्यंत माझ्याकडेही तोच होता.

शेवटचा अडथळा शाळेतच आला. ऑफिसमधे म्हणाले आमचे वर्ग भरलेत, थोडे दिवस थांबा, फोन करू. मला घाम फुटला. मी वही काढली आणि सरळ सांगितलं, मॅडम, कोर्टाच्या ऑर्डरमधे जागा वाढवायची सोय आहे, आणि प्रवेश देत नसाल तर तसं लेटरवर लिहून सही-शिक्का द्या, मी पडताळणी समितीकडे घेऊन जाते. आवाज चढवला नाही. त्या आत गेल्या, वीस मिनिटांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या फॉर्म भरा. कुणी तोंडी नाही म्हटलं तर लेखी मागा, एवढं एक लक्षात ठेवा, बऱ्याचदा तिथेच सुटतं. गणवेश, बूट, पुस्तकं मिळून सहा हजारांच्या वर गेले, ते ह्यांच्या मालकांकडून उचल घेऊन भागवलं, त्यामुळे पैशाची तयारी फी नाही म्हणून शून्य ठेवू नका.

१ ऑगस्टला पिऊ शाळेत गेली. दीड महिना मागे होती, पण पाढे येत होते.

तरी धास्ती होतीच, कारण शाळांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली होती. तिथे स्टे मिळाला तर काढून टाकतील का, हाच विचार. ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाच्या निकालात हात घालायला नकार दिला. त्या दिवशी संध्याकाळी हे लवकर रिक्षा लावून आले, मालकीणबाईंना पेढे दिले, आणि मी रात्री बाराला एक राहिलेला ब्लाउज पूर्ण केला.

माझी फाईल, म्हणजे झेरॉक्सचा संच आणि तारखांची वही, आता खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे आहे. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीला. त्यांचा भाडेकरार अजून नोटरीचाच आहे, उद्या त्यांच्या मालकांकडे मी पण सोबत जाणार आहे.